मोडीचा भाव

गेला वीकांत सोलापुरात काढला. शुक्रवारी हापिसातून जरा लवकर सटकलो, संध्याकाळची हुतात्मा पकडली आणि रात्री सोलापूर स्टेशनला उतरलो. निमित्त तसं आनंदाचं नव्हतं. बाळीवेशीजवळचं आमचं जुनं घर विकलं. आई-अप्पा आता पुण्यात आमच्याकडे राहायला येणार. घर रिकामं करायला हातात दोन दिवस होते.

आपण पडलो सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे गाडीतच एक्सेल शीट तयार केली. घरातल्या एकेका वस्तूची एक ओळ, आणि पुढे तीन रकाने: 'न्यायचं', 'द्यायचं', 'टाकायचं'. शनिवारी सकाळी चहा घेताना मोठ्या अभिमानाने अप्पांना दाखवली. अप्पांनी चष्मा लावला, खालपासून वरपर्यंत शीट वाचली आणि विचारलं, "हे तिसरं काय बे? टाकायचं म्हणजे कुठं टाकायचं?"

"कुठं म्हणजे... कचऱ्यात."

"कपाट कचऱ्यात?" अप्पांनी चष्मा काढून ठेवला. विषय संपला.

दहाच्या सुमारास भंगारवाले मामा आले. मी लहान असल्यापासून आमच्या गल्लीत फिरतात, आता हातगाडीच्या जागी टेम्पो आलाय एवढाच फरक. आज्जीचा तांब्याचा बंब, दोन घंगाळं, एक पिचलेली कळशी, सगळं वजनकाट्यावर गेलं. लोखंडी कॉट वजनावर गेली. स्टीलचं कपाट 'चालू कंडिशन' म्हणून वजनापेक्षा जास्त भावाने गेलं. आजोबांचा सागवानी पलंग मामांनी मागितला, पण अप्पांनी दिला नाही. नवार पार लोंबत होती, तरी नुसते चार खूर हातात घेऊन मामा किंमत वाढवत होते.

मग आलं माझं कॉम्प्युटर टेबल आणि दोन दारांचं वॉर्डरोब. २०१३ मध्ये पुण्यात पहिला फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हाची खरेदी. टेबलाला साडेसहा हजार मोजले होते. पुढे लग्न झालं, घर बदललं, आणि हे सामान 'असू दे सोलापूरला' म्हणून इकडे आलं. (आपल्या सगळ्यांचं गावाकडचं घर हे एक मोठं रिसायकल बिन असतं. डिलीट केलेलं तिथे पडून राहतं, रिकामं कोणीच करत नाही.) मामांनी टेबलावर बोटाने टकटक केलं, खालून हात फिरवला आणि म्हणाले, "हे राहू द्या मालक. ह्याला मोड नाय."

"फुकट न्या," मी म्हणालो.

"फुकट नेऊन ठेवू कुठं? भुसा हाय ओ हा. टेम्पोचं भाडं देत असला तर नेतो, पर शेवटी डेपोवरच जाणार."

म्हणजे घरभर शंभर वर्षांचं सामान पसरलं होतं आणि त्यात सर्वांत नवी वस्तू माझी होती. नेमकी तिचीच किंमत शून्याच्या खाली गेलेली. तेव्हापासून हा 'मोड' शब्द डोक्यात फिरतोय, म्हणून आजचं हे पुराण.

मोड म्हणजे (मोडी लिपी नव्हे!) जुन्या, फुटक्या, वापरून झालेल्या वस्तूला तिच्या ऐवजाबद्दल मिळणारी किंमत. तांब्यापितळेच्या दुकानात जुनं भांडं देऊन नवीन घेताना 'मोड किती धरणार?' असं विचारतात. दागिना 'मोडतात'. एखादी गोष्ट निकामी झाली की ती 'मोडीत निघते'. आज आपण हा वाक्प्रचार 'संपली' या अर्थाने वापरतो, पण मुळात मोडीत निघणं म्हणजे संपणं नव्हतं. वस्तूचं रूप संपलं, ऐवज शिल्लक राहिला आणि त्याला भाव आला, असा तो हिशोब होता.

हा हिशोब घरातल्या लाकडालाही कसा लागू होता हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागेल. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा सोलापूर खंड १८८४ मध्ये छापला गेला. आता तो नेटवर फुकट वाचायला मिळतो. साहेबाने त्यात एकेका जातीचं वर्णन केलंय. काही शेरे आज वाचताना खटकतात, पण एक गोष्ट कामाची आहे: माणसं काय खातात, काय नेसतात याबरोबरच घरात काय सामान असतं याचीही नोंद तो करतो. भांडी, बाज, पाळणा, पाट, पेटी, घोंगडी. ज्याला आपण फर्निचर म्हणतो ते जवळजवळ एवढंच. खुर्ची-टेबल हा सरकारी कचेरीतला आणि फार तर सावकाराच्या बैठकीतला प्रकार.

मग लाकूड होतं कुठे? लाकूड होतं घरात, म्हणजे घराच्या अंगातच. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवं लाकूड आणि वर मातीचा जाड थर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं आणि घर किती मोठं हे खणांवरून सांगायचं. आता गंमत बघा. सोलापूर जिल्हा हा असा कोरडा, उघडाबोडका. बाभूळ आणि लिंब सोडले तर इथे कामाचं लाकूड फारसं नाही. सागवान बाहेरून यायचं, आधी बैलगाडीने आणि १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचल्यावर मालगाडीने. त्यामुळे घरातली सागवानी तुळई म्हणजे जवळपास दागिनाच. घर पडलं तरी तुळई पडून राहत नसे. ती दुसऱ्या घरात जायची. तिथे वाळवी लागली तर लागलेला भाग कापून तिची चौकट व्हायची, चौकटीचा पाट व्हायचा, आणि पाट फुटला की शेवटी बंबात.

हे काही आपले पूर्वज पर्यावरणवादी होते म्हणून नव्हतं. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आठवा. दख्खनमध्ये ज्या जिल्ह्यांना त्याची सर्वांत जास्त झळ बसली त्यात सोलापूर होतं. त्या काळच्या दुष्काळांच्या वर्णनांत एक क्रम पुन्हा पुन्हा येतो. आधी दागिने विकले जातात, मग गुरं, मग भांडी, आणि अगदी शेवटी घराची दारं आणि छपराचं लाकूड. म्हणजे लोक अक्षरशः डोक्यावरचं छप्पर मोडून खात होते. आपल्या भाषेत सांगायचं तर ते लाकूड हीच त्या कुटुंबांची शेवटची फिक्स्ड डिपॉझिट होती. तिला मोड होती म्हणून चार-आठ दिवसांचं धान्य तरी मिळालं. ज्याच्या घरात मोडण्यासारखं काहीच नव्हतं तो खडी फोडायला सरकारी दुष्काळी कामावर गेला, किंवा वाटेतच मेला.

लाकडाची ही किंमत आपल्या पिढीनेही पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो, आमच्या सोलापूरच्या घरातली भांडीसुद्धा वाजली होती. लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या, हजारो माणसं गेली. पण ज्या घरांत छपराचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर होता, अशी खणाची घरं अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही उभी राहिली आणि आतली माणसं वाचली. पुढे ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. नव्या कॉलन्यांत गेलेल्या लोकांनी जुन्या गावातून काय आणलं? पडलेल्या घरांतलं लाकूड, दारं, चौकटी. नव्या सिमेंटच्या घराला पुढे पडवी काढायला, गोठा करायला, तेच लाकूड.

आता सोलापूर म्हटलं की माग आलाच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात सर्वांत मोठी लाकडी वस्तू कोणती असेल तर हातमाग. खोलीचा बराचसा भाग तोच व्यापायचा, घरच्यांनी त्याच्या कडेकडेने जेवायचं-झोपायचं. हातमाग ही दुरुस्त होत राहणारी वस्तू आहे. फणी झिजली तर फणी बदला, धोटा फुटला तर धोटा बदला, चौकट तीच. (आपल्याकडे याला मॉड्युलर आर्किटेक्चर म्हणून सेमिनार घेतात.) पुढे यंत्रमाग आले तेव्हाही हाच खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. मुंबईसारख्या ठिकाणच्या मोठ्या कापड गिरण्यांनी जुने झाले म्हणून काढलेले माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर अशा गावांत गेले, आणि महाराष्ट्रातला यंत्रमाग धंदा बराचसा या सेकंडहँड मागांवर उभा राहिला. त्यातून हजारोंना काम मिळालं, हे खरं. पण जुना, खडखडणारा माग वर्षानुवर्षं चालवणाऱ्या कामगाराचे कान गेले, आणि मालकाला नवीन यंत्र घ्यायची घाई राहिली नाही, हेही खरं. जुनं वापरणं म्हणजे आपोआप चांगलं, असं नसतं.

लाकडानंतर आपल्या घरात लोखंड आलं. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली आणि १९२३ मध्ये त्यांच्या कंपनीची पोलादी कपाटं आली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत 'गोदरेजचं कपाट' हा मराठी संसाराचा इतका अविभाज्य भाग झाला की गल्लीतल्या फॅब्रिकेटरने बनवलेलं कपाटही गोदरेजचंच म्हटलं जायचं. जोडीला लोखंडी कॉट, पत्र्याची ट्रंक, घडीच्या खुर्च्या. यातली कुठलीही वस्तू मोडली तर वेल्डिंगवाल्याकडे जाते, त्याच्यापलीकडे गेली तर वजनावर जाते आणि भट्टीत वितळून पुन्हा सळई होते. लोखंडाची मोड सागवानापेक्षा कमी, पण खात्रीची.

ती खात्री कधी उपयोगी पडते, हे मी नव्वदच्या दशकात पाहिलं. सोलापुरात १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल आधीच गेली होती. त्या दशकात उरलेल्या मोठ्या गिरण्याही एकेक करून बंद पडल्या, लक्ष्मी-विष्णू तेव्हाच गेली. आमच्या शेजारी एक गिरणी कामगार काका राहायचे. थकलेला पगार, येणारी-न येणारी देणी, यांचं बोलणं रोज कानावर पडायचं. त्यांच्या घरातून आधी पितळी डबे गेले, मग कपाट, मग कॉट. त्यांच्या मुलाबरोबर मी रोज क्रिकेट खेळायचो. एक दिवस त्यांच्या घरी गेलो तर खोली मोठी झाल्यासारखी वाटली. मी बावळटासारखं विचारलं, "काकू, तुमची कॉट कुठंय?" काकू म्हणाल्या, "रंगवायला दिलीय." मला ते पुढची दोन वर्षं खरं वाटत होतं. काकू आता नाहीत. मुलगा रिक्षा चालवतो, शनिवारी पलंगाचे खूर गाडीत चढवायला तोच आला होता.

म्हणून 'जुन्या काळी लोक किती काटकसरी होते, कसं सगळं जपून वापरायचे' असं कोणी गहिवरून सांगायला लागलं की मला जरा अवघडल्यासारखं होतं. त्या काटकसरीच्या पोटात भूक होती. आणि दुसरं म्हणजे, जुनं कोण कोणाला देतं, हा प्रश्न आपल्या समाजात साधा नव्हता. गावगाड्यात दलितांच्या वाट्याला जे यायचं ते बरंचसं उतरलेलं, शिळं, टाकलेलं, आणि वर तो त्यांचा 'हक्क' म्हणून सांगितला जायचा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस खाणं सोडा, शिळंपाकं, उष्टं स्वीकारणं सोडा, असं आवाहन केलं, त्यामागे हाच अपमान होता. आपण 'गरिबाला उपयोगी पडेल' म्हणत तुटकी खुर्ची कामवाल्या मावशींच्या गळ्यात मारतो, तेव्हा त्या परंपरेपासून फार लांब नसतो.

मोडीचा व्यवहार मला या बाबतीत जास्त स्वच्छ वाटतो. बोहारणीचंच बघा. जुन्या साड्या-शर्टांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण आमच्या दारात यायची तेव्हा आई आणि ती तासभर घासाघीस करायच्या. "ताई, ह्या साडीला भोक हाय." "अगं, पण काठ बघ की जरीचे." शेवटी एक पातेलं किंवा परात ठरायची. त्यात दानधर्म नव्हता, उपकार नव्हता. दोन्ही बाजूंना माहीत होतं की वस्तूत ऐवज शिल्लक आहे. देणारीची मान वर आणि घेणारीचीही.

आता माझ्या टेबलाकडे येऊ. ते पार्टिकल बोर्डचं. लाकडाचा भुसा आणि बारीक चिपा कृत्रिम डिंकात कालवून, तापवून, दाबून केलेली फळी, वरून लाकडासारखी दिसणारी पातळ फिल्म. हा शोध माक्स हिमेलहेबर नावाच्या जर्मन इंजिनियरचा, पेटंट १९३२ चं. त्याने हा उद्योग का केला हे वाचून मी चाटच पडलो. तेव्हा झाड तोडलं की त्यातलं निम्म्याहून कमी लाकूड सुतारकामाला लागायचं. बाकीचा भुसा, फांद्या, तुकडे जाळले जायचे. हे वाया जाणारं लाकूड वापरात आणायचं, म्हणजे कमी झाडं तोडावी लागतील, हा त्याचा विचार. पुढे हाच माणूस पर्यावरण आणि यंत्रयुगाबद्दल टीकात्मक लिहिणाऱ्या एका नियतकालिकाचा संस्थापक झाला. म्हणजे ज्या वस्तूला आज मामा हात लावत नाहीत, ती कचरा वाचवण्यासाठीच जन्माला आली होती!

हिमेलहेबर चुकला का? माझ्या मते नाही. त्याने झाडाचा हिशोब सोडवला, बोर्डमुळे झाडं वाचली हे खरंच आहे. पण भुशाचा टेबल करताना टेबलाचं पुढे काय, हा हिशोब कोणी मांडला नाही. हे आपल्या धंद्यातलं रोजचं दुखणं आहे. एका मॉड्यूलमधला बग आपण फिक्स करतो आणि तो शांतपणे दुसऱ्या टीमच्या मॉड्यूलमध्ये जाऊन बसतो.

सागवानी पलंगाचा सांधा ढिला झाला की पाचर मारायची, घट्ट. लोखंडाला वेल्डिंग. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा बसतो. काढून पुन्हा त्याच भोकात बसवला की नुसता गरगर फिरतो, कारण आत धरायला लाकडाचे धागेच नाहीत. पाणी लागलं की फळी फुगते आणि परत बसत नाही. रंधा मारता येत नाही, मारला तर वरची फिल्म जाते आणि आतला भुसा उघडा पडतो. बरं, शेवटी जाळावं म्हटलं तर त्यातल्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या बहाद्दराने वॉर्डरोबची एक तुटकी फळी बंबात घातली होती. आईने न्हाणीघराची खिडकी दिवसभर उघडी ठेवली आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. म्हणजे दुरुस्ती नाही, दुसरं रूप नाही, सरपण नाही. मोडीच्या शिडीच्या सगळ्या पायऱ्या एकदम गायब.

आपल्याकडे हे सगळं झपाट्याने आलं त्यालाही कारणं आहेत. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले, ईशान्येतल्या प्लायवूडच्या कारखान्यांना त्याचा मोठा फटका बसला. जंगलाच्या दृष्टीने ते गरजेचंच होतं. त्यानंतरच्या वर्षांत बोर्डाचं फर्निचर वाढत गेलं, आणि त्याच वर्षांत आपण पुण्या-बंगळुरात नोकऱ्यांना लागलो. अकरा महिन्यांचे करार, दर दोन वर्षांनी नवी कंपनी, नवा फ्लॅट. आपल्याला हवं होतं स्वस्त, हलकं, लगेच मिळणारं. ऑगस्ट २०१८ मध्ये आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान हैदराबादला उघडलं, तेव्हा आमच्या सोलापूरच्या मित्रांच्या दोन गाड्या खास बघायला गेल्या होत्या. मीही होतो, खोटं कशाला बोलू.

हा रस्ता शेवटी कुठे जातो हे बघायचं तर अमेरिकेकडे बघा. तिथल्या पर्यावरण खात्याच्या आकड्यांनुसार १९६० मध्ये २२ लाख टन फर्निचर आणि तत्सम सामान कचऱ्यात निघालं होतं. २०१८ मध्ये तोच आकडा १ कोटी २१ लाख टन झाला, आणि त्यातलं ८० टक्के थेट जमिनीत पुरलं गेलं. आपण अजून तिथे पोचलेलो नाही, कारण आपल्याकडे मामा आहेत. पण मामा देवदूत नाहीत, ते धंदा करतात. ज्याला मोड नाही ते तेही डेपोवरच टाकणार. सोलापूरचा डेपो तुळजापूर रोडला भोगावला आहे. अप्पांच्या 'कुठं टाकायचं' या प्रश्नाचं ते सरळ उत्तर.

मग काय, सगळ्यांनी सागवान घ्यायचं? शक्यच नाही. आज सागवानी पलंगाची किंमत ऐकली तर झोप उडेल, मग पलंग हवा कशाला. आणि सगळ्यांनी घेतलं तर जंगलं उरायची नाहीत. पण दोन गोष्टी करता येतील असं वाटतं.

एक सरकारची. फ्रान्समध्ये २०१३ पासून नवीन फर्निचर विकतानाच किमतीत एक छोटी रक्कम धरली जाते. त्या पैशातून जुनं फर्निचर गोळा करणं, दुरुस्तीला किंवा रिसायकलिंगला पाठवणं हे चालतं. म्हणजे ज्या वस्तूला बाजारात मोड नाही तिला कायद्याने मोड दिली. आपल्याकडे ई-कचरा, बॅटऱ्या, टायर, प्लास्टिक यांची शेवटची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम आहेत. फर्निचरला तसं काही नाही.

दुसरी आपली. विकत घेताना वॉरंटीबरोबर मोडही विचारायची. सांगाडा लोखंडी आणि फळी बदलता येणारी आहे का? स्क्रू धातूच्या वाटीत बसतो का थेट भुशात? कडा सगळीकडून बंद आहेत का? आणि सर्वांत सोपी चाचणी: ही वस्तू दहा वर्षांनी भंगारवाल्या मामांसमोर ठेवली तर ते काय म्हणतील?

बाकी शनिवार-रविवारची हकिगत अशी. पलंग आम्ही सुटा केला. एकही खिळा निघाला नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले आणि लाकडी खुंट्यांनी आवळलेले. सुट्या भागांवर खडूने अप्पांनी एक-दोन-तीन-चार लिहिलं, तर आत आधीच कोणीतरी, बहुतेक आजोबांनीच, कोरलेले आकडे सापडले. तेही कधीतरी हा पलंग सुटा करून कुठून तरी आणत असणार. कुठून, ते अप्पांनाही माहीत नाही. नवीन नवार सोलापुरातच घेतली, विणायचं काम अप्पांनी स्वतःकडे घेतलंय.

माझ्या टेबलाच्या दोन फळ्या गल्लीतल्या किराणावाल्याने पोत्यांखाली घालायला नेल्या. वॉर्डरोबची बिजागरं आणि हँडल मामांनी काढून घेतली. उरलेलं सगळं टेम्पोत भरलं आणि टेम्पोभाड्याचे तीनशे रुपये मामांच्या हातात ठेवले. मामांनी ते मोजून खिशात घातले, मला म्हणाले, "पुढच्या टायमाला घ्यायच्या आधी विचारा की मला." मी हसलो, ते हसले नाहीत.

परतीच्या गाडीत एक्सेल शीट उघडली. तिसऱ्या रकान्याचं नाव बदलून 'मोड' केलं. दहाएक ओळींपुढे आकडे भरले, दोन ओळींपुढे वजा चिन्ह.

पुढच्या शनिवारी आई-अप्पांच्या खोलीसाठी कपाट बघायला जायचंय. अप्पा दुकानदाराला मोड विचारणार हे नक्की. बायको म्हणते, त्यांना आधीच समजावून सांग, मॉलमध्ये असं विचारत नाहीत. मी काही समजावणार नाहीये.

असो. उद्या सोमवार, सकाळी नऊलाच कॉल आहे. झोपतो.